जाळी कुणी बांधायची?

प्रश्न : ताई, मी ठाण्यातल्या एका गोविंदा पथकात मुलांचा सराव घेतो. गुरुपौर्णिमेला नारळ फोडला आणि मी दोन गोष्टी जाहीर केल्या. वरच्या तीन थरांतला प्रत्येक जण हेल्मेट घालणार आणि एक्का, म्हणजे सगळ्यांत वर चढणारा मुलगा, पट्टा-दोरी लावल्याशिवाय चढणार नाही. त्यावर अर्धं पथक रुसून बसलंय. म्हणतात, ''दोरी लावून चढायचं तर गोविंदा कशाला म्हणायचं? बाकीची पथकं हसतील.'' शिवाय दोरी लावण्यात वेळ जातो, मागे पथकांची रांग असते आणि स्टेजवरून घाई चाललेली असते. तुम्ही सर्कशीत झुल्यावर काम केलेलं आहे. जिवावरचे खेळ करणाऱ्यांवर अशी सक्ती असावी का, की ज्याचं त्याला ठरवू द्यावं?
— एक प्रशिक्षक, ठाणे

उत्तर : सक्ती असावी. मात्र ती कुणावर, हे तुमच्या पत्रात राहून गेलंय. तुम्ही ती पोरांवर लादताय, म्हणून पोरं रुसलीत. ती आधी हंडी बांधणाऱ्यावर आणि बक्षीस लावणाऱ्यावर असली पाहिजे. माझं हे मत कुठून आलं ते सांगते, मग तुमच्या दोरीकडे वळते.

माझी उमेदीची वर्षं झुल्यावर गेली. आमच्याकडे जाळी लावायची की नाही यावर कधी चर्चा होत नसे. तंबू उभा राहिला की आधी झुल्याचे खांब, लगेच जाळी, मग बाकीचं सामान. शोच्या आधी आमचे उस्ताद हातात घण घेऊन जाळीभोवती फेरी मारायचे. ते केरळातल्या तेल्लिचेरीकडचे, मराठी मोडकंतोडकं, पण मेखेचा आवाज त्यांना बरोबर कळायचा. प्रत्येक मेखेवर एक ठोका. टणक आवाज आला की पुढची मेख. आवाज बसका आला की ती उपटायची आणि हातभर सरकवून पुन्हा ठोकायची. वळवाचा पाऊस पडून गेला की आमच्या सांगलीकडच्या काळ्या मातीत मेखा रात्रीतून सैल व्हायच्या. अशा दिवशी ही फेरी दोनदा व्हायची. शेवटी उस्ताद स्वतः जाळीच्या मधोमध जाऊन पाठीवर पडून बघायचे. जाळी जमिनीला टेकते का, उसळी सरळ वर येते की एका बाजूला फेकते, हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

एका मुक्कामात मालकाकडे गडी कमी पडले. जाळी ताणायला बरेच हात लागतात आणि शोची वेळ झालेली. मालक म्हणाला, ''आजच्यापुरतं जाळीशिवाय करा. डबल कोलांटी घेऊ नका, साधे झोके घ्या, पब्लिकला काय कळतंय.'' आम्ही पाच-सहा जणी आणि दोन पोरं उभी होतो. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. कुणाच्या घरी मनीऑर्डर जायची होती, कुणाची उचल फिटायची होती, आणि मी नाही म्हटलं तर माझ्या जागेवर चढायला दुसरी मुलगी तयार होती. नाही म्हणाले ते उस्ताद. त्यांना ते परवडत होतं, कारण दुसऱ्या सर्कशीने त्यांना हसत ठेवून घेतलं असतं. त्या दिवशी झुल्याचा खेळ झाला नाही आणि मालकाने चार दिवस कुणाशी धड बोलणं ठेवलं नाही.

म्हणून 'ज्याचं त्याला ठरवू द्या' हे मला मान्य नाही. ठरवायची ताकदच ज्याच्या हातात नाही, त्याच्यावर ते सोडलं की निर्णय मालकच घेतो. आमची नावं मात्र त्याखाली येतात.

आता तुमची दहीहंडी बघा. २०१२ साली ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, १३.३४ मीटर उंची, आणि गिनीजमध्ये नोंद झाली. २०२५ च्या गोपाळकाल्याला ठाण्यातच दहा थर लागले. हे सगळं मी टीव्हीसमोर बसून श्वास रोखून पाहिलंय. ज्यांनी ते केलं त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण थरामागे बक्षिसाचा आकडा वाढतो. आकडा वाढला की सात लावणारं पथक आठाला हात घालतं, आठवालं नवाला. खालच्या थरातल्या रिक्षावाल्या, डिलिव्हरीवाल्या पोराने 'आज आपली तयारी नाही' असं ढोल-ताशाच्या गजरात आणि हजारो लोकांसमोर म्हणावं, ही अपेक्षा करणंच चूक आहे.

कोर्टात या विषयाने बऱ्याच फेऱ्या मारल्या. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आधी स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये मर्यादा पुन्हा लागू झाली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायला नकार दिला आणि १४ वर्षांखालची मुलं थरात नसतील हे सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर केली. हेल्मेट, पट्टा, खाली गाद्या हे सगळं सरकारी सूचनांमध्ये आहे. माझी तक्रार एवढीच की हे तपासून, पूर्ण नसेल तर हंडी थांबवणारा माणूस मैदानात दिसत नाही. स्टेजवर निवेदक असतो, पाहुणे असतात, नाचायला कलाकार असतात. घण घेऊन फेरी मारणारा कुणी नसतो.

उंचीच्या मर्यादेबद्दल माझं मत पथकांच्या बाजूचं आहे. वीस फुटांवरून डोक्यावर पडलेला मुलगा हेल्मेट नसेल तर जातो. चाळीस फुटांवरून दोरीत अडकलेला मुलगा हसत खाली येतो. उंची मोजण्यापेक्षा दोरी तपासावी.

स्पेनमधल्या कातालोनियात माणसांचे असेच मनोरे करतात. त्यांची परंपरा दोनशेहून अधिक वर्षांची, २०१० मध्ये युनेस्कोने ती वारसा म्हणून नोंदवली. तिथेही टोकावर लहान मूलच चढतं. २००६ मध्ये मातारो गावच्या मंडळातली १२ वर्षांची मुलगी मनोरा कोसळून गेली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट कायमचं बसलं. आपल्या मोटारसायकलवाल्यांचं नाही, हलकं, मऊ, खालच्याच्या खांद्यावर आदळलं तरी त्याला इजा होऊ नये असं. मनोरे त्यानंतरही तितकेच उंच होतात आणि चौक तितकाच भरतो. तिथे कुणी हेल्मेट घातलेल्या पोरीला भित्री म्हणत नाही.

तुमच्या पोरांना हे सांगा. आणि स्वतःकडेही बघा, कारण सरावात आयोजक नसतो, तुम्ही असता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला ११ वर्षांचा मुलगा गेला तो सरावात. गुन्हा पथकाच्या प्रमुखावर नोंदवला गेला. सरावाच्या रात्री खेळ लावणारे तुम्हीच, तेव्हा त्या रात्रीची सक्ती तुमच्यावर.

आता दोरीविषयी, कारण मला ती माहीत आहे. लहानपणी मी शिकले ती कंबरेच्या पट्ट्यावर, दोरी वर कप्पीतून खाली उस्तादांच्या हातात. तुमच्या एक्क्याला नुसता कंबरेचा पट्टा लावू नका. उलटा लटकला तर कंबरेतून सटकतो आणि झटका सगळा पाठीच्या कण्यावर येतो. मांड्या आणि खांदे दोन्ही धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा घ्या, हूक पाठीवर. दोरी बरोबर डोक्यावरून यायला हवी. क्रेन बाजूला उभी करून तिरकी दोरी घेतली, तर पडणारा मुलगा झोपाळ्यासारखा जाऊन खांबावर किंवा गॅलरीवर आदळतो. हंडीच्या दोराला ही दोरी कधीही बांधू नका. तिला वेगळा आधार हवा.

सगळ्यात महत्त्वाचा दोरी धरणारा. तो ऐन वेळी मिळेल तो गडी नको. मुलगा थर चढतो तसा ढील खेचत जाणं हे हाताचं काम आहे. जास्त ढील राहिली तर पडल्यावर दोरी उशिरा धरते, जास्त ओढली तर एक्क्याचा तोल तुमच्याच हाताने जातो. माझ्या उस्तादांनी दोरी धरली की मला ती जाणवायची नाही, इतकी हलकी. पाय चुकला की मात्र त्याच क्षणी कंबरेला पकड यायची. हा माणूस पथकातला ठेवा, सरावाच्या पहिल्या रात्रीपासून तोच, आणि त्याचं नाव थर लावणाऱ्यांइतक्याच मानाने घ्या. पोरांचा रुसवा दोरीवर नाही, दोरी अडचण करते यावर आहे. रोज लावली की लावायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आणि पुढच्या वर्षी आयोजकाकडे नाव नोंदवताना चार पथकांनी एकत्र जाऊन विचारा, ''क्रेन तुमची की आमची? दोरी कोण तपासणार? गाद्या किती?'' एकट्याने विचारलं तर तुम्हाला रांगेत मागे ढकलतील. चौघांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

---

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लहानपणापासून सर्कशीचा वेडा. पण मला वाटतं, जाळी आली की खेळातला जीव जातो. अमेरिकेतलं वॅलेंडा घराणं पिढ्यान्‌पिढ्या जाळीशिवाय तारेवर चाललं. अ‍ॅलेक्स हॉनल्ड दोरीशिवाय कडे चढतो. प्रेक्षकाला खोटा धोका दाखवण्यापेक्षा खरा दाखवणाऱ्याला आपण अडवावं का? मरणाची तयारी ठेवून कला करण्याचा हक्क माणसाला नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुरुजी, तुम्ही वॅलेंडांचं नाव घेतलंत. त्यांच्याबद्दल मी जे मिळेल ते वाचत आले आहे.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आले तेव्हा त्यांची जाळी प्रवासात मागे राहिली, म्हणून जाळीशिवाय खेळ केला, असं सांगतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पुढे तीच त्यांची ओळख झाली. एकदा ओळख झाली की ती सोडता येत नाही. तारेवर सात जणांचा मनोरा, खाली चार, त्यांच्या खांद्यांवर आडव्या काठ्या, त्यावर दोघे, सगळ्यांत वर खुर्चीवर एक मुलगी. ३० जानेवारी १९६२ ला डेट्रॉइटमध्ये सर्वांत पुढच्याच्या हातातून काठी निसटायला लागली आणि मनोरा कोसळला. दोघे गेले. घराण्याचे प्रमुख कार्ल वॅलेंडा यांचा मुलगा मारिओ कंबरेखाली कायमचा लुळा झाला. दुसऱ्या दिवशी घराण्यातली उरलेली माणसं पुन्हा तारेवर चढली. लोक याला धैर्य म्हणतात. आहेच. पण मला त्या रात्री त्यांच्यात काय बोलणं झालं असेल याचा विचार करून अजून झोप लागत नाही.

कार्ल स्वतः २२ मार्च १९७८ ला गेले, वयाच्या ७३ व्या वर्षी, पोर्तोरिकोत सान हुआनला, दोन उंच इमारतींमधल्या तारेवरून. वारा होताच. पण त्यांच्या घरच्यांचं म्हणणं हे की तार हलू नये म्हणून बाजूंनी ताणायचे दोर नीट जोडलेले नव्हते. म्हणजे आयुष्यभराचं कसब तारेवर होतं आणि चूक दोराच्या गाठीत होती. आमच्या उस्तादांची घणाची फेरी मला याचसाठी आठवते. मरणाची तयारी ठेवून कार्ल चढले असतील, पण सैल दोराने मरायची तयारी कुणी ठेवून चढत नाही.

त्यांचा पणतू निक २०१२ मध्ये नायगारा धबधब्यावरून तारेवर चालत गेला. टीव्ही कंपनीने पट्टा बांधायची अट घातली, त्याला ती आवडली नव्हती, तरी त्याने पट्टा बांधला. जगाने ते पाहिलं. पट्टा होता म्हणून धबधब्याचे तुषार कमी पडले नाहीत की वारा थांबला नाही. पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनातल्या दरीवर तो पट्ट्याशिवाय गेला. त्यातलं मोठं कोणतं, हे मला विचाराल तर मी नायगारा म्हणेन, कारण भिजलेल्या तारेवर पाऊल ठेवणं काय असतं ते मला माहीत आहे.

जाळीने खेळातला जीव जातो, हे मात्र मी मानत नाही. झुल्याचा खेळ झ्युल लेओतार नावाच्या फ्रेंच तरुणाने १८५९ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा लोकांसमोर केला. खाली गाद्या होत्या. त्याने सराव केला तो वडिलांच्या पोहण्याच्या तलावावर, पडला तर पाण्यात. जाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. आणि जाळी आल्यावर खेळ कुठे गेला बघा. हवेत तीन कोलांट्या घेऊन पकडणाऱ्याच्या हातात जायचं, याला एके काळी मरणाची उडी म्हणत, कारण ती घेताना माणसं खरोखर गेली. पुढे ती उडी रोज रात्रीची झाली. १० जुलै १९८२ ला अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये मिगेल व्हास्केसने चार कोलांट्या घेतल्या आणि त्याचा भाऊ हुआन याने त्याला झेलला. सरावात असंख्य वेळा जाळीत पडल्याशिवाय चौथी कोलांटी माणसाच्या अंगात येऊच शकत नाही. जाळी नसती तर आपण आजही लेओतारच्या साध्या झेपेवरच टाळ्या वाजवत असतो.

जाळीत पडणं हेही शिकावं लागतं, गुरुजी. पोटावर पडलात तर मान मोडते, पायांवर पडलात तर गुडघे जातात. पाठीवर यायचं, हनुवटी छातीला, हात अंगाशी. दोरखंडाच्या गाठी कोपरं सोलून काढतात. कडेला पडलं तर जाळी उसळून बाहेर फेकते. जाळी म्हणजे गादीवर लोळणं, असं जे बसलेल्यांना वाटतं ते तसं नाही. माझ्या वेळी उडी चुकून जाळीत गेलं की तंबूत जो हुंकार उठायचा, तो खराच असायचा. लोकांना जाळी दिसत असते, तरी पोटात गोळा येतो. खोटा धोका आम्ही कधी विकला नाही.

हॉनल्डचं सांगते. ३ जून २०१७ ला तो कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोरीशिवाय तीन तास ५६ मिनिटांत चढला. त्याआधी वर्षाहून जास्त काळ तोच मार्ग तो दोरी लावून चढत होता, अवघड टप्पे पुन्हा पुन्हा, कुठे बोट ठेवायचं, कुठे पाय, हे पाठ होईपर्यंत. म्हणजे त्या सकाळच्या कड्याखाली दोरीचं अख्खं वर्ष होतं. आणि त्याला कुणी रोजंदारीवर चढवलं नव्हतं. त्याने नाही म्हटलं असतं तर त्याची उचल थकली नसती. एकदा चढाई सुरू करूनही तो खरंच परत फिरला होता. ज्याला परत फिरता येतं अशा सज्ञान माणसाला मी अडवणार नाही. तुम्ही म्हणता तो हक्क त्याचा आहे, आणि मी तो मानते. सर्कशीच्या तंबूत, स्टेजवर, शूटिंगमध्ये, हंडीखाली, जिथे कुणीतरी तिकीट लावून किंवा बक्षीस ठेवून माणसाला वर चढवतो, तिथे हा हक्क कामगाराच्या तोंडी घालून मालक मोकळा होतो. तो मी मानत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. नुसतं साधन लावलं म्हणजे झालं, असं नाही. ४ मे २०१४ ला अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला रिंगलिंग सर्कशीत आठ मुली केसांनी लटकण्याचा खेळ करत होत्या. सगळ्यांचा भार एका लोखंडी कडीवर. कडी तुटली आणि आठही जणी खाली आल्या. जगल्या, पण कुणाचा कणा, कुणाचे पाय. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने चौकशीअंती सांगितलं की कडीवर तिच्या बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीबाहेर भार दिला होता, आणि कंपनीला दंड केला ७००० डॉलर. कायद्यात तेवढाच जास्तीत जास्त होता. आठ मुलींच्या हाडांपुढे ही रक्कम वाचून मला संताप आला, अजून येतो.

आपल्याकडे १८८० च्या सुमारास अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केली, आमच्या सांगली-तासगाव भागातून पुढे किती सर्कशी निघाल्या. तेल्लिचेरीला कसरतीची परंपरा रुजली तीही त्यांच्या संपर्कातून. या सगळ्या इतिहासात आपण वाघ-सिंहांची आणि मालकांची नावं लक्षात ठेवली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितलं तेव्हा माझ्या जुन्या मैत्रिणी हळहळल्या, कारण लवचीक अंग लहानपणीच तयार होतं. मला ते बरोबर वाटलं. मी स्वतः ज्या वयात वर चढले, त्या वयात मला कुणी विचारलं नव्हतं.

---

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मौत का कुआ येतो. यंदा मी पहिल्यांदा वर उभी राहून पाहिला. गाडीवाले हात सोडून नोटा घेतात, डोक्याला काहीच नाही. मी आयोजकांना म्हटलं की हेल्मेट सक्तीचं करा, तर म्हणाले, हेल्मेटने त्यांना दिसत नाही. हे खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : अर्धं खरं आहे. भिंतीवर गोल फिरताना अंगाचा भार दुप्पट-तिप्पट झाल्यासारखा वाटतो, म्हणून डोक्यावर दीड किलोचं बंद हेल्मेट असेल तर मान धरत नाही आणि बाजूचं दिसणंही कमी होतं. पण उघड्या तोंडाची हलकी हेल्मेटं मिळतात, त्यांनी दिसायला काही अडत नाही. 'दिसत नाही' हे उत्तर सोपं असतं, कारण हेल्मेटवाला गरीब दिसत नाही आणि नोट कमी मिळते. गाडीवाल्याचं पोट त्या नोटेवर आहे. तुम्हाला खरोखर काही करायचं असेल तर नोट पुढे करू नका, खाली उतरल्यावर हातात द्या. चालत्या गाडीवरून हात वर करायला त्याला भाग पाडणारे आपण वर उभे असलेले लोकच असतो.

आणि हेल्मेटपेक्षा आधी विहीर बघा. फळ्या गावोगाव उकलून पुन्हा जोडतात. बोल्ट किती लावले, किती नुसतेच भोकात खोवले, वरच्या कडेला आतून तारेचा दोर फिरवलाय का, सज्जावर किती माणसं चढवलीत. गाडी वर उसळली तर तो दोरच तुम्हाला वाचवतो. परवाना देताना जत्रा समितीने हे चारच प्रश्न विचारले तरी पुष्कळ. तुमच्या समितीत ओळखीचं कुणी असेल तर जत्रेच्या आदल्या दिवशी, खेळ उभा होताना, त्यांना तिथे घेऊन जा. खेळ सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

---

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दोरीचा मल्लखांब शिकायचा हट्ट धरून बसलीय. त्यात पट्टा नसतो, जाळी नसते. तुमचं सगळं वाचून आता भीती वाटते. घालू का?
— एक आई, पुणे

उत्तर : जरूर घाला. प्रत्येक खेळाचं साधन वेगळं. दोरीच्या मल्लखांबात पट्टा अडकेल आणि गळ्याशी येईल, तिथे तो नकोच. तिथलं साधन म्हणजे खालची जाड गादी, दोरीची वरची कडी आणि शेजारी उभा राहून हात देणारे सर. वर्ग सुरू असताना अर्धा तास जाऊन बसा. गादी दोरीच्या बरोबर खाली आहे का आणि मुलगी बदलली की तिथेच राहते का. सर नवीन मुलीला किती उंचीपर्यंत जाऊ देतात. दोरी कधी बदलली असं विचारल्यावर ते लगेच सांगतात की आठवावं लागतं. एखादी मुलगी 'आज नको' म्हणाली तर काय होतं, हे खास बघा. तिला कुणी चिडवलं नाही, सरांनी तिला सहज खाली घेतलं आणि दुसरीला बोलावलं, तर त्याच दिवशी फी भरा.